लागला का ऊद?

आखातात पंधरा-वीस वर्षं काढली की चाळिशीपुढच्या मराठी माणसाला काहीतरी होतं. कुणी पहाटे उठून पळायला लागतो, कुणी सोळाव्या मजल्यावरच्या गॅलरीत कढीपत्ता जगवायचा हट्ट धरतो, कुणाला एकाएकी आपल्या कुळाचा इतिहास लिहावासा वाटतो. आमच्या दाजींनी ऊद घेतला. धुपाचा नव्हे, वाजवायचा.

दाजी राहतात शारजात, नोकरी करतात दुबईत, आणि बाकीचं आयुष्य या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर गाडीत बसून काढतात. त्या रस्त्यावर रेडिओवर कधीतरी फरीद अल-अत्रश लागला आणि डोक्यात बसला. हा इजिप्तच्या सिनेमातला नट, गायक, संगीतकार. पण ऊद हातात घेतला की बाकीची सगळी बिरुदं गळून पडत. दाजींनी महिनाभर दुसरं काही ऐकलं नाही. मग बोनस झाला.

कंपनीनं मला नेमकं तेव्हाच दुबईला पाठवलं आणि राहायला मी ताईकडे उतरलो. आमचं गाव मिरज. तंबोरे-सतारी करणारी घरं जिथं पिढ्यान् पिढ्या नांदतात आणि 2024 साली ज्यांच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मिरज. त्यामुळे तारा असलेल्या कुठल्याही वस्तूतलं मला कळतं, अशी दाजींची समजूत आहे. दारात बॅग ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मेव्हणे, हा जरा लावून देता का?"

ऊद दिसायला गोंडस. फुगीर पोट, आखूड दांडी, आणि दांडीच्या टोकाला खुंट्यांची पेटी मान मोडल्यासारखी थेट मागे वळलेली. पडदे नाहीत. वजन किलोच्या आसपास. वरची तबली दोनेक मिलिमीटर जाडीची, आणि त्या पापुद्र्यावर पाच जोड्या नि एक एकटी खर्जाची अशा अकरा तारांचा मिळून 35 ते 40 किलोंचा ताण रात्रंदिवस बसलेला. हा आकडा कळल्यापासून दाजी ऊदाशेजारून जाताना पाऊलसुद्धा हलकं टाकतात. "एका पोत्याचं वजन आहे हो त्याच्यावर," म्हणतात. दुकानातून आणताना तो त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवला नाही, ताईला मागे बसवून पुढच्या सीटवर पट्टा लावून आणला. ही काळजी मात्र रास्त. या वाद्यांचे सांधे पुष्कळदा सरसानं जोडलेले असतात, आणि ऑगस्टमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सरस काय करतो हे पाहायला कुणी मुद्दाम जाऊ नये.

दुकानदारानं लावून दिला होता. घरी येईपर्यंत उतरला. उन्हातून गाडीच्या एसीत, तिथून तळमजल्याच्या दमट पार्किंगमध्ये, तिथून पुन्हा फ्लॅटच्या एसीत. लाकूड आणि नायलॉन या दोघांनीही आपापलं मत नोंदवलं होतं.

आता लावायचा म्हणजे कशात लावायचा? आपल्याकडे हा प्रश्न सरळ असतो. गाणाऱ्याला पट्टी विचारायची. तो काळी दोन म्हणाला की पहिली तार पंचमात, रागात पंचम नसेल तर मध्यमात, मग जोड, मग खर्ज. संपलं. (संपत नाही. तंबोरा लागेपर्यंत श्रोत्यांचा चहा होऊन जातो, हे मिरजेत वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण कशात लावायचा यावर तरी तंटा नसतो.)

दाजींचे उस्ताद कैरोचे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी शिकवणी. त्यांनी पाठ टेकून डोळे मिटून सांगितलं की खालून वर पांढरी एक, चार, सहा, दोन, पाच, एक. म्हणजे त्यांनी 'दो, फा, ला, रे, सोल, दो' म्हटलं. पट्ट्यांत मी बसवलं. पांढरी एकला षड्ज धरून म्हणून पाहिलं तर सा, म, ध, रे, प, सा असं निघालं. पाठांतर न झालेल्या मुलानं बाईंसमोर म्हटलेली सरगम. पण त्यात तर्क आहे. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमात, फक्त एका जागी मध्यमाऐवजी गंधार. त्या एका गंधारावर दाजी दोन दिवस अडून बसले. सगळे मध्यम असताना मधेच हा गंधार का, असं त्यांचं लेखापालाचं मन विचारत राहिलं. उस्ताद म्हणाले, "शुवैया, शुवैया." हळूहळू. कैरोत याहून सविस्तर उत्तर मिळत नाही.

दाजींच्या ऑफिसात एक तुर्की इंजिनिअर आहे. त्याला हे सगळं ऐकून फार वाईट वाटलं. त्याच्या मते वरची तार पांढरी दोनला असायला हवी, म्हणजे इजिप्तच्या वर अख्खा एक स्वर. इस्तंबूलचा ऊद मुळात लहान; त्यावर तारेची वाजती लांबी साधारण साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर, अरबी ऊदावर एकसष्टच्या आसपास. आवाज उजळ, चटपटीत. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्यानं पुढे सांगितलं की ती तार वाजते 'रे', कागदावर मात्र लिहितात 'सोल', आणि तिचं नाव आहे गेरदानिये. दाजी त्या दिवशी डबा न खाता परत आले.

शेजारच्या इमारतीत एक निवृत्त इराकी डॉक्टर राहतात. लिफ्टमध्ये ऊदाची पेटी दिसली म्हणून त्यांनी चौकशी केली आणि ताईच्या हातचा चहा घेता घेता बगदादची बाजू मांडली. मुनीर बशीर (1930–1997) हे त्यांचं दैवत. त्या घराण्यात वरची तार पांढरी चारपर्यंत चढवतात. शिवाय खर्जाची एकटी तार जाड तारांच्या शेजारी न ठेवता पार दुसऱ्या टोकाला, बारीक तारांच्याही पलीकडे बसवतात. "मग अंगठ्याला सापडते कशी?" दाजींनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न दाजींनी चहाबरोबर गिळला.

तिघेही सज्जन. तिघेही ठाम. आणि गंमत म्हणजे तिघांपैकी एकानंही दुसऱ्याला चूक म्हटलं नाही. प्रत्येकजण एवढंच म्हणाला, "तेही चांगलंच असतं, पण ऊद म्हणजे हा." नवशिक्याला हवं असतं एक उत्तर, आणि ऊदाच्या जगात उत्तरं प्रत्येक बंदराला वेगळी मिळतात. तुमचा उस्ताद कुठला, एवढ्या प्रश्नानं सगळा निकाल लागतो. पण दाजी स्वभावानं तौलनिक अभ्यासवाले. त्यांनी तक्ता केला.

तक्त्यातून तारांचा विषय निघाला, आणि इथून घरातली शांतता खऱ्या अर्थानं गेली.

तारेचं गणित जुनं आहे. मार्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं ते 1636 साली छापून ठेवलं. तीच तार, तीच लांबी, पण सूर चढवला तर ताण सुराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे इजिप्तची तार त्याच ऊदावर एक स्वर चढवून तुर्की सुराला नेली की ताण सव्वापट. पांढरी चारला नेऊन बगदाद गाठायचं म्हटलं तर पावणेदोनपट. तोवर एक तर तार तुटते, नाही तर घोडीवर नको तेवढा भार येतो. उलट लहान तुर्की ऊदासाठी केलेला संच अरबी ऊदावर चढवून पांढरी एकला लावला, तर तारा चौदा-पंधरा टक्के ढिल्या पडतात आणि आवाज दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा येतो. तात्पर्य काय, तर पाकिटावर 'ऊदाच्या तारा' एवढं लिहिलेलं असून भागत नाही. कुणाचा ऊद, केवढा लांब, कशात लावणार, हे ठरल्याशिवाय पाकीट फोडू नये. पोलादी तारांचा तर विचारही करू नये. त्या दोन मिलिमीटर तबलीवर चिकटवलेली घोडी पोलादासाठी केलेलीच नसते.

तरी पाकिटं आली. जर्मनीची पिरॅमिड, इटलीची अक्विला, अमेरिकेची ला बेला. दाजींनी ती जेवणाच्या टेबलावर मांडली आणि मुलाच्या कंपासपेटीशेजारी स्वतःचा नवा मायक्रोमीटर ठेवला. वरच्या तारा साध्या नायलॉनच्या, साधारण सहा-साडेसहा दशांश मिलिमीटरच्या. खालच्या तारांना आत रेशमासारखे बारीक कृत्रिम धागे आणि वर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचं वेटोळं. अक्विलाचं नायलगट हे आतड्याच्या तारेच्या घनतेचं कृत्रिम द्रव्य. आणि चौथा पर्याय फ्लोरोकार्बन, नायलॉनपेक्षा बराच जड, त्यामुळे त्याच ताणाला पाचव्या हिश्शानं बारीक तार पुरते आणि आवाज खणखणीत येतो.

फ्लोरोकार्बनची तार मिळते कुठे? मासेमारीच्या सामानाच्या दुकानात. गळाची दोरी तीच. जगभरचे हौशी ऊदवाले गपचूप तिथंच जातात, असं उस्तादांनी सांगितलं, तेव्हा दाजींचे डोळे चमकले. कारण तिथं मीटरवर मिळते आणि संचाच्या किमतीत दोन पिढ्यांची सोय होते. शारजाच्या मासळीबाजाराजवळच्या दुकानात त्यांनी पाच निरनिराळ्या जाडीची रिळं निवडली. दुकानदार मल्याळी. त्यानं विचारलं, "कोणता मासा?" दाजी म्हणाले, "फरीद अल-अत्रश." त्यानं मान डोलावली आणि किंगफिशसाठी ठीक आहे म्हणाला.

ताईचा संयम त्या रिळांवर संपला. "अहो, इतक्या तारा झाल्या, एक तरी वाजवणार का?"

"अगं, आधी तार नीट निवडायला नको का? बाराशे वर्षांची परंपरा आहे."

हे मात्र खरं. झिरयाब नावाचा गवई बगदादहून निघून 822 साली स्पेनमधल्या कोर्दोबाला पोहोचला. त्याची गोष्ट अल-मक्करी या इतिहासकारानं सतराव्या शतकात लिहून ठेवलीये. खलिफासमोर वाजवायची वेळ आली तेव्हा म्हणे त्यानं गुरूचा ऊद घ्यायला नकार दिला. माझ्या ऊदाच्या तारा रेशमाच्या आणि खर्जाच्या तारा सिंहाच्या छाव्याच्या आतड्याच्या आहेत, म्हणाला. आता यात किती खरं, किती दरबारी मीठमसाला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण गुरूपेक्षा आपलं पाकीट भारी असं सांगणारा शिष्य बाराशे वर्षांपूर्वीही होता, एवढं दाजींना पुरेसं वाटलं.

त्या काळी चार तारांना चार रंग होते आणि प्रत्येक रंग शरीरातल्या एकेका दोषाचा. बारीक तार पिवळी, पित्ताची. तिच्याखालची तांबडी रक्ताची. मग पांढरी कफाची. आणि सर्वांत जाड ती काळी, काळ्या पित्ताची. झिरयाबनं पाचवी तार वाढवली, ती आत्म्याची. दाजींना पित्ताचा जुना त्रास. हे वाचून दाखवल्यावर ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग ती पहिली जरा सैलच ठेवा."

तार बसवणं हे पाहण्यासारखं काम आहे. नायलॉन गुळगुळीत, त्यामुळे घोडीच्या भोकातून काढून स्वतःच्याच अंगाभोवती दोन-तीन वेढे द्यायचे आणि शेपूट त्याखाली दाबायची. वेढा एक कमी पडला तर तार अर्ध्या चढणीवर सुळकन सुटते आणि हनुवटीवर बसते. वरचं टोक खुंटीच्या भोकात. खुंट्यांना चाकं नाहीत, स्क्रू नाहीत; निमुळतं लाकूड निमुळत्या भोकात नुसत्या घर्षणावर उभं. म्हणून फिरवता फिरवता आत दाबायची. नुसती फिरवली तर सोडल्याबरोबर गर्रकन उलटी फिरते, जास्त दाबली तर पेटीच चिरायची भीती. घसरत असेल तर खडू, अडत असेल तर कोरडा साबण. दाजींनी दोन्ही लावलं, आणि कोणत्या खुंटीला काय लावलं ते एका कागदावर लिहून ठेवलं. पुढे एसीचा रिमोट हा या घरात वाद्याचाच भाग झाला. एसी रात्रभर चालला की लाकूड आकसतं आणि सकाळी चार खुंट्या सुटलेल्या. एसी बंद ठेवला की दमट हवेनं फुगून सगळ्या घट्ट. ताईला चोवीसवर झोप लागते, ऊदाला सव्वीस मानवतं. वाटाघाटी चालू आहेत.

शिवाय पेटी मागे वळलेली, त्यामुळे कुठली तार कुठल्या खुंटीला गेलीये ते वादकाला समोरून दिसत नाही. तिसरी समजून पाचवी पिळायची, हा नवशिक्यांचा जन्मसिद्ध हक्क. तार ताणली तरी सूर हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम 'टक्' करून अर्धा स्वर वर उडी. ती दांडीच्या टोकाच्या खाचेत अडकून बसलेली असते. तिथं शिसपेन्सिलीचं टोक घासायचं. हे एवढं एकच मिरजेहून आणलेलं ज्ञान मी दाजींच्या पदरात टाकलं, आणि ते त्यांनी फार वरच्या दर्जाचं मानलं.

मग जोडी. जोडीतली एक तार बोटानं दाबून गप्प करायची, दुसरी लावून घ्यायची. मग दोन्ही एकत्र छेडायच्या. सूर जवळ आले पण एक झाले नसतील तर आवाज हलतो, वँव-वँव-वँव अशा लाटा येतात. दोन तारांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असेल तर लाटाही सेकंदाला तीनच. खुंटी केसभर हलवली की त्या मंदावतात, लांबतात, आणि एका क्षणी आवाज सरळ उभा राहतो. दाजी तिथं पोहोचले की श्वास धरून बसतात. तेवढ्यात नवं नायलॉन जरासं ताणतं आणि लाट पुन्हा सुरू. नव्या तारा कित्येक दिवस अशाच उतरत राहतात. पाचवी जोडी लागेपर्यंत पहिली पुन्हा उतरलेली असते. ऊदाचा युरोपातला वारस म्हणजे ल्यूट. त्याच्याविषयी हांबुर्गच्या मात्तेझोननं 1713 साली लिहिलंय की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाची साठ वर्षं ल्यूट लावण्यातच गेलेली असतात. दाजींनी हे वाक्य उत्तेजनार्थ घेतलं. अजून वेळ आहे, म्हणाले.

लावायला त्यांनी अर्थातच इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आणलेला. खुंट्यांच्या पेटीला चिमट्यासारखा लावायचा. सुरात आलं की हिरवा, नाही तर लाल. या यंत्राचा दाजींवर आणि दाजींचा या यंत्रावर एवढा विश्वास की कान कामावरून कमी केले गेले. उस्तादांना ते आवडत नाही, पण ते कैरोच्या रीतीप्रमाणे काही बोलत नाहीत. नुसते ट्यूनरकडे दयेनं पाहतात. त्यांच्या संगीतात दोन स्वरांच्या मधल्या जागी उभे राहणारे स्वर आहेत, आणि ते नेमके किती मधे, यावर इजिप्त, सीरिया आणि तुर्कस्तान यांचं एकमत नाही. 1932 साली राजा फुआदनं कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरवली. संगीतकार बार्तोक आला, हिंडेमिट आला, ध्वनिमुद्रणं झाली, समित्या बसल्या, सप्तकाचे चोवीस सारखे भाग करून टाकावेत का यावर खल झाला. निकाल लागला नाही. जिथं राजाचा ट्यूनर चालला नाही तिथं दाजींचा काय चालणार?

तरी त्या दिवशी शिकवणीला आम्ही गेलो तेव्हा ऊद लागलेला होता. अकराच्या अकरा. दाजींनी गाडीत एसी सव्वीसवर ठेवला होता आणि ताईनं सबंध रस्ता वर्तमानपत्रानं वारा घेतला होता. वर्गात दाजींनी छेडून दाखवलं. ट्यूनर प्रत्येक तारेला हिरवा. वर्गातल्या फिलिपिनो नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनीही "तमाम" म्हटलं आणि सांगितलं, आज मकाम सिकाह.

मकाम म्हणजे ढोबळमानानं त्यांचा राग, आणि सिकाहचं घर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी आहे. आणि रीत अशी की खर्जाची एकटी तार मकामाच्या घराला लावून घ्यायची, म्हणजे बोटं वर काहीही करत असली तरी खाली घराचा सूर घुमत राहतो. उस्तादांनी बोलता बोलता आपली खर्जाची खुंटी पिळली. एका हातानं, डोळे न उघडता. मग दाजींकडे पाहून हनुवटीनं खूण केली.

दाजींनी खुंटी फिरवली. ट्यूनर लाल. आणखी फिरवली. लाल. कोमल गंधारावर क्षणभर हिरवा झाला आणि दाजींचा चेहरा खुलला, तर उस्ताद म्हणाले, "लिस्सा." अजून नाही. पुढे पुन्हा लाल. "यल्ला, शुवैया... शुवैया... बस!" ट्यूनरचा काटा दोन स्वरांच्या बरोबर मधल्या ओसाड जागी, भडक लाल. उस्ताद प्रसन्न.

"मेव्हणे," दाजी माझ्या कानात म्हणाले, "ताण दीडपट झाला हो. मी मनात काढला."

"तुटेल?"

"तुटेलच असं नाही. पण ही तार पांढरी एकसाठी घेतली होती."

त्यांनी खिशातून वही काढली आणि खर्जाची आणखी एक तार मागवायची, जरा बारीक, सिकाहसाठी, असं टिपून घेतलं. तेवढ्यात उस्तादांनी पुढच्या आठवड्याला मकाम बयाती घेऊ असं जाहीर केलं. दाजींनी शेजारी बसलेल्या इजिप्शियन पोराला हळूच विचारलं, बयातीचं घर कुठलं. तो म्हणाला, रे. दाजींनी वहीत आणखी एक ओळ वाढवली.